मधल्या हातभर जागेची झीज

जुनं मिलिंग मशीन विकायला काढलं की पहिला येतो तो माणूस वजनाचा भाव घेऊनच येतो. कॉलम, नी, सॅडल, टेबल सगळं बिडाचं. त्याचे किलोमागे इतके, मोटरीतल्या तांब्याचे वेगळे. दोन टनांच्या पुढचं धूड, त्यामुळे एकूण रक्कम बरी दिसते. गाळा रिकामा करायची घाई असते आणि मालक हो म्हणतो. कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावं ओळीने लागतात. या तिन्ही गावांतून अशी पुष्कळ मशिनं वजनकाट्यावरून भट्टीकडे गेली. जी वाचली ती आज घरांच्या तळमजल्यावर, मागच्या पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहेत आणि रोज चालतात. मी लिहितो आहे ते या वाचलेल्या मशिनांविषयी आणि ती चालती ठेवण्याच्या कामाविषयी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. भंगारात जाणारं मिलिंग मशीन बहुतेक वेळा संपलेलं नसतं. त्याची झीज टेबलाच्या प्रवासातल्या मधल्या हातभर जागेत साठलेली असते. बाकीचं बीड पुष्कळदा कारखान्यातून आलं तसंच असतं. ही झीज मोजता येते आणि हाताने काढता येते. त्यासाठी लागणारी हत्यारं, एक सरफेस प्लेट सोडली तर, कापडी पिशवीत मावतात. कमी पडतात ती माणसं. आणि ती माणसं अजून याच तीन गावांत राहतात.

ती इथेच का, याला कारण आहे. अंबरनाथ म्हटलं की महाराष्ट्राला वालधुनीकाठचं शिवमंदिर आठवतं, शिलाहारांच्या काळातलं, इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं. पण या गावात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात दिवस उजाडायचा तो कारखान्याच्या भोंग्याने. १९२३ साली स्थापन झालेल्या विम्को कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना इथे होता. आयुध निर्माणी इथे आहे. आणि तिच्या जोडीला आहे मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, म्हणजे यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांचा पहिला नमुना जिथे घडवायचा अशा हेतूने उभारलेला कारखाना. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त झालं, तेव्हा आयुध निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली आणि प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. वर पाट्या बदलल्या, पण त्याआधीच्या काही दशकांत या आवारांतून फिटर, मिलर, टूलरूमचे कारागीर अशा पिढ्या तयार होऊन निवृत्त झाल्या. त्यांनी घरं घेतली ती अंबरनाथ पूर्वेला आणि बदलापुरात. निवृत्तीनंतरही त्यांचे हात रिकामे राहिले नाहीत.

उल्हासनगरची माती वेगळी. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्या बराकींमध्ये राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर झालं. पाच कॅम्प आजही त्याच क्रमांकांनी ओळखले जातात आणि पत्त्यात अजून बराक नंबर लिहितात. हाताशी काही नसताना उभ्या राहिलेल्या या माणसांनी घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं आणि मागच्या खोलीत कारखाना. मशीन नवं की जुनं याचा त्यांना विधिनिषेध नव्हता. ते आज चाललं पाहिजे एवढंच. म्हणून उल्हासनगरचा शेठ आणि अंबरनाथचा मेस्त्री अशी जोडी जमली. संध्याकाळी पाळी संपवून मेस्त्री कॅम्प ४ किंवा ५ मधल्या गाळ्यात जायचा, बिघडलेलं मशीन उघडायचा आणि शेवटच्या गाडीने घरी परतायचा. कारखान्यात शिकलेली विद्या घरगुती वर्कशॉपमध्ये आली ती अशी, संध्याकाळच्या लोकलने.

पुढे एमआयडीसीतल्या कारखान्यांनी संगणकाने चालणारी सीएनसी आणि व्हीएमसी मशिनं घेतली, तशी हाताने चालवायची मिलिंग मशिनं बाहेर पडू लागली. त्यात एचएमटीची होती, बंगळूरच्या भारत फ्रिट्झ वेर्नरची होती, बटाला-लुधियाना आणि राजकोटकडची लहान मशिनंही होती. एचएमटी १९५३ साली सुरू झाली, भारत फ्रिट्झ वेर्नर १९६१ साली. दोघांच्याही मिलिंग मशिनांमागे फ्रिट्झ वेर्नर हे एकच जर्मन घराणं आहे, म्हणून एका मशिनवर शिकलेला हात दुसऱ्यावर अडखळत नाही. त्याही मागे जायचं तर अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावी जायला हवं. तिथे १८६१-६२ च्या सुमारास जोसेफ ब्राउन यांनी युनिव्हर्सल मिलिंग मशीन रचलं. निमित्त होतं ड्रिलच्या अंगावरच्या पिळाच्या खोबणींचं. तोवर त्या खोबणी कामगार गोल कानशीने हाताने काढत. एका कानशीचं काम वाचवायला निघालेलं हे यंत्र आज दीडशेहून अधिक वर्षांनी झिजतं, तेव्हा त्याला वाचवायला पुन्हा कानसच लागते, हे पुढे येईलच.

आता झिजेकडे. मिलिंगची रचना अशी की काम टेबलावर बांधायचं आणि टेबल कटरखालून सरकवायचं. टेबल सॅडलवर डावी-उजवीकडे सरकतं, सॅडल नीवर पुढे-मागे, नी कॉलमवर खाली-वर. ही सगळी सरकण डोव्हटेलच्या तिरप्या खाचांतून होते आणि दोन भागांमधली फट भरायला गिब असते, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ होत गेलेली बिडाची लांब पट्टी. स्क्रू फिरवून ती पाचरीसारखी आत सरकवली की फट कमी होते. नवं मशीन असेपर्यंत एवढं पुरतं.

पण टेबल मीटरभर किंवा त्याहून लांब असलं तरी काम बांधलं जातं मध्यावर. व्हाइस मध्यावर, जॉब मध्यावर, त्यामुळे रोजची चालही मध्यावरच. वर्षानुवर्षं असं झालं की टेबलाच्या खालच्या स्लाइडचा मधला भाग खाली जातो आणि दोन्ही टोकं जशीच्या तशी राहतात. लीड स्क्रूचंही तेच: मधले आटे पातळ, टोकाचे भरीव. मग हॅण्डल मध्यावर सैल फिरतं आणि टोकाला घट्ट होतं. नवखा माणूस मध्यावरची ढिलाई घालवायला गिब कसतो, आणि टेबल टोकाला जाऊन अडकतं. तो गिब पुन्हा सैल करतो, आणि कटर धडधडायला लागतो. या दोन टोकांमध्ये हेलकावे खाऊन कंटाळलेला मालकच पुढे वजनकाट्यावाल्याला बोलावतो. वास्तविक मशिनने आपला सगळा इतिहास त्याला सांगितलेला असतो. तो फक्त मोजून घ्यायचा असतो.

मोजायला एक डायल गेज पुरतं, ०.०१ मिलिमीटर दाखवणारं. डायल सॅडलवर उभं करायचं, टोक टेबलाला टेकवायचं, टेबल हाताने आडवं हलवून बघायचं: एकदा मध्यावर, एकदा डाव्या टोकाला, एकदा उजव्या. तिन्ही आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवायचे. मग स्क्रूचा प्ले. हॅण्डल एका बाजूला फिरवत टेबल हलेपर्यंत आणायचं, तिथे रिंग शून्यावर लावायची, उलटं फिरवायचं आणि टेबल हलायला लागेपर्यंत हॅण्डल किती रिकामं फिरलं ते वाचायचं. हेही तीन ठिकाणी. मध्यावरचा आणि टोकाचा आकडा यांत जेवढा फरक, तेवढी स्क्रूची झीज. तिन्ही ठिकाणी प्ले सारखाच आला तर स्क्रू चांगला आहे, गेला आहे तो नट. आणि गनमेटलचा नट नवा करून घेणं हे उल्हासनगरातल्या कुठल्याही बऱ्या टर्नरचं काम आहे.

तिसरी तपासणी स्पिंडलची. टेपरमध्ये टेस्ट बार बसवून तो हळू फिरवायचा आणि डायल आधी तोंडाजवळ, मग ३०० मिलिमीटर पुढे लावायचं. तोंडाजवळ ०.०१ आणि पुढे ०.०२ च्या आत काटा राहिला तर स्पिंडल उत्तम. या चाचण्यांची पद्धत घालून दिली ती बर्लिनचे प्राध्यापक गेऑर्ग श्लेसिंगर यांनी, १९२७ च्या आपल्या पुस्तकात. नाझींनी त्यांना तुरुंगात टाकलं, ते देशोधडीला लागले आणि अखेर इंग्लंडमध्ये काम करत राहिले. त्यांच्या चाचण्या मात्र आजही जगभर मशिनांच्या टेस्ट चार्टमागे उभ्या आहेत. स्पिंडलच्या बेअरिंगांची भीती बाळगू नये. त्यांचे नंबर जगभर एकच असतात आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आजही ती मिळतात. स्पिंडलचा टेपर आतून खरवडला गेला असेल तर मात्र जपून. मी स्वतः मशीन बघायला जातो तेव्हा टेबलावरच्या खड्ड्यांकडे नंतर बघतो. आधी टेपरमध्ये बोट फिरवतो.

प्ले असलेल्या मशिनवर काम करूच नये असं मुळीच नाही. फक्त कटरच्या फिरण्याविरुद्ध टेबल चालवायचं. असं केलं की कटर कामाला मागे ढकलत राहतो आणि नट स्क्रूच्या एकाच बाजूला दाबून बसतो; प्ले असूनही नसल्यासारखा होतो. कटरच्या दिशेने टेबल चालवलं तर कटर काम स्वतःकडे ओढतो, टेबल प्लेइतकी उडी मारतं, आणि मग दात तुटतात, आर्बर वाकतो, कधी व्हाइसमधला जॉब उडतो. घरात मुलंबाळं वावरतात तिथे हा नियम मोडू नये.

मोजून झालं की प्रश्न येतो बिडाचा. टोकं उंच आहेत, मध्य खोल आहे. उंच भाग खाली आणायचा. मोठ्या कारखान्यात स्लाइडवे ग्राइंडिंग मशीन असतं, टेबल त्यावर चढवून घासून घेतात. घरगुती वर्कशॉपला ते परवडत नाही आणि वाहतुकीचाच खर्च मोठा. म्हणून स्क्रेपिंग. मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त आदर वाटतो तो याच हातकामाबद्दल, आणि थोडं सविस्तर सांगायचं आहे तेही याच्याविषयी.

स्क्रेपर म्हणजे जुनी, दात गेलेली चपटी कानस. तिचे दात ग्राइंडरवर पूर्ण उतरवतात, टोकाला किंचित गोलाई ठेवतात आणि धार ऑइलस्टोनवर काढतात. आता टोकाला कार्बाइडचा तुकडा ब्रेझ करून घेतात, धार जास्त टिकते. दुसरी वस्तू सरफेस प्लेट किंवा स्ट्रेट एज, जिच्या सपाटीवर विश्वास ठेवता येईल अशी. तिसरी प्रशियन ब्ल्यू. ही निळी शाई प्लेटवर इतकी पातळ लावायची की ती आहे की नाही अशी शंका यावी. मग प्लेट आणि स्लाइड एकमेकांवर हलकेच घासायच्या. जिथे बीड उंच तिथे निळा डाग उठतो. तेवढाच डाग स्क्रेपरने खरवडायचा, पुसायचा, पुन्हा शाई, पुन्हा घासणं. एका फेरीत निघतात ते मोजके मायक्रॉन. पुढच्या फेरीला खरवडण्याची दिशा आडवी बदलायची, नाहीतर बिडावर लाटा पडतात. सुरुवातीला दोन टोकांना दोन मोठे डाग दिसतात, मधे काहीच नाही. दिवस जातात तसे डाग मध्याकडे सरकतात, फुटतात, लहान होतात. एक इंच चौरसात दहा ते पंधरा ठिपके सगळीकडे सारखे दिसू लागले की स्लाइडला तेवढं पुरे. सरफेस प्लेट करायची असेल तर वीसच्या पुढे जावं लागतं.

जात्याला टाकी लावून घेतलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना स्क्रेप केलेली स्लाइड ओळखीची वाटेल. टाकी लावताना दगडावर खुणा उठतात आणि दळण पुन्हा नीट येतं. इथे बिडावर उथळ अर्धगोल खुणा राहतात आणि त्यांत तेल थांबतं. आरशासारखी गुळगुळीत केलेली स्लाइड तेल धरत नाही. दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना चिकटून बसतात आणि टेबल सुरू होताना झटका देतं.

सपाटी मुळात आली कुठून, हा प्रश्न मला पूर्वी फार छळायचा. प्लेट तपासायला दुसरी प्लेट लागते, तिला तिसरी, मग पहिली कुणी केली? याचं उत्तर तीन प्लेटच्या पद्धतीत आहे. दोनच प्लेट एकमेकींवर घासल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या छान जुळतात. पण तीन प्लेट आळीपाळीने एकमेकींशी जुळवल्या, तर तिन्ही सपाट असल्याशिवाय त्या जुळूच शकत नाहीत. हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात ही रीत होती, आणि तिथेच काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोमध्ये ती जाहीरपणे मांडली. कुरुंदाच्या भुकटीने प्लेट घासणं सोडा आणि स्क्रेपर धरा, असं त्यांनी आग्रहाने सांगितलं. म्हणजे कुठलंही महागडं यंत्र नसलेला माणूस बिडाच्या तीन तुकड्यांपासून सुरुवात करून यंत्रयुगाच्या मुळाशी असलेली सपाटी घरात घडवू शकतो. ही गोष्ट मला कुठल्याही नव्या तंत्रज्ञानापेक्षा मोठी वाटते.

क्रम मात्र चुकवायचा नाही. कॉलमची उभी स्लाइड सहसा सर्वांत कमी झिजलेली असते. तिला प्रमाण धरायचं. नीचा वरचा भाग तिच्याशी काटकोनात आहे का ते आधी बघायचं, मग सॅडल, मग टेबल. टेबलाची खालची बाजू सपाट करायची आणि सॅडल तिच्याशी जुळवायचं, सगळ्यात शेवटी गिब. गिब खरवडून पातळ झाली तर तिच्या मागे पितळी शिम चिकटवतात. बीड जास्त निघालं तर टेबल खाली बसतं आणि स्क्रू व नटची रेषा बिघडते. तेव्हा स्लाइडला टर्साइट या प्लॅस्टिकची पट्टी चिकटवून गेलेली उंची भरून काढतात. आणखी एक गोष्ट जुनी माणसं सांगतात आणि ती खरी आहे: जुनं बीड मुरलेलं असतं. ओतकामानंतर आत राहिलेले ताण इतक्या वर्षांत निवून गेलेले असतात, त्यामुळे एकदा सरळ केलेली स्लाइड पुन्हा वाकत नाही.

नी उतरवताना जीव सांभाळावा. तिचं वजन काही माणसांइतकं असतं आणि ती उभी असते एका स्क्रूच्या आधारावर. खाली भक्कम लाकडी ठोकळे लावल्याशिवाय तो स्क्रू सोडायचा नाही. मशीन आणायचं-न्यायचं काम अवजड यंत्रं हलवणाऱ्या खलाशांवर सोपवावं. चेन कप्पी, पहारी आणि लोखंडी पाइप एवढ्यावर ते दोन टनांचं मशीन बराकीच्या गल्लीतून आत घेतात.

आता पाऊस. या पट्ट्यात मशिनचा मोठा शत्रू झीज नसून पाणी आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा उल्हास नदीही पात्राबाहेर आली. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. ते चित्र साऱ्या देशाने पाहिलं. त्याच पाण्यात तळमजल्यांवरची मशिनंही होती. पुरात बुडालेलं मशीन बघून पहिली इच्छा होते ती बटण दाबून पाहण्याची. ते करायचं नाही. मोटर आधी उतरवायची, वाइंडिंग सावकाश सुकवायचं आणि मेगरने इन्सुलेशन तपासल्याशिवाय जोडायचं नाही. गिअरबॉक्समधलं तेल दुधासारखं पांढरं झालं असेल तर आत पाणी आहे. ते पूर्ण काढून, रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन नवं तेल भरायचं. पुराचा गाळ मात्र आधी स्वच्छ पाण्यानेच धुवायचा, कारण सुकलेला गाळ स्लाइडमध्ये पॉलिश पेपरचं काम करतो. त्यानंतर लगेच तेल. हे दोन-तीन दिवसांत झालं तर मशीन वाचतं.

पूर क्वचित येतो, दमट हवा दर वर्षी चार महिने असते. पहाटे थंड बिडावर दव धरतं आणि गंज तिथून सुरू होतो. प्लॅस्टिकच्या कागदाखाली मशिनला घाम फुटतो, गोणपाट पाणी धरून ठेवतं. जाड सुती कापड तेलात भिजवून टेबलावर अंथरणं सर्वांत चांगलं. आणि घरगुती वर्कशॉपमध्ये हमखास आढळणारी एक गोष्ट आजच बाहेर काढावी: बाथरूम धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली. झाकण घट्ट असलं तरी तिच्या वाफा सुटतात आणि त्याच खोलीतलं उघडं लोखंड पावसाळ्यात लाल होतं.

विजेचा प्रश्न थोडक्यात. घरी सिंगल फेज २३० व्होल्ट, मशिनची मोटर थ्री फेज ४१५ ची. सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा व्हीएफडी लावून काम होतं, पण मोटरची पाटी आधी वाचावी. २३०/४१५ लिहिलेली लहान मोटर डेल्टा जोडून २३० वर चालते. ४१५ डेल्टा लिहिलेली मोठी मोटर तशी चालत नाही. तिच्यासाठी महावितरणकडून थ्री फेज मीटर घेणं किंवा मोटर बदलणं हाच सरळ रस्ता. अर्थिंगबाबत काटकसर नको.

रोजची काळजी साधी आहे आणि तीच सर्वांत जास्त चुकवली जाते. चिप्स ब्रशने काढाव्यात. कॉम्प्रेसरच्या हवेने उडवल्या तर त्या वायपरखाली घुसतात आणि स्लाइडला ओरखडे पाडतात. वायपरचा नमदा कडक झाला की बदलावा; मशिनमधली सर्वांत स्वस्त वस्तू तीच. स्लाइडला ६८ नंबरचं तेल, सुरू करण्यापूर्वी, रोज. फीडच्या यंत्रणेत शिअर पिन असते, जास्त ताण आला की तुटण्यासाठीच ठेवलेली मऊ पिन. ती वारंवार तुटते म्हणून कुणीतरी तिथे कडक बोल्ट ठोकतो, आणि पुढच्या वेळी पिनऐवजी गिअरचे दात जातात. अंबरनाथच्या ज्या फिटर काकांकडून मी पुष्कळ शिकलो, ते कुठलंही जुनं मशीन उघडताना पहिल्यांदा हीच पिन बघायचे. तिच्या जागी बोल्ट दिसला की पुढे काय काय तुटलेलं असेल याचा अंदाज ते न उघडता सांगायचे.

दात गेलेला गिअर मात्र हेच मशीन स्वतःसाठी कापू शकतं. फीडची पेटी बाहेर काढलेली असली तरी स्पिंडल फिरतं आणि टेबल हाताने चालवता येतं. डिव्हायडिंग हेडचं प्रमाण बहुधा चाळीसास एक. छत्तीस दातांचा गिअर हवा असेल तर दर दाताला हॅण्डलचा एक पूर्ण फेरा आणि १८ भोकांच्या वर्तुळावर दोन भोकं. गणित एवढंच. तुटलेल्या गिअरचे दात मोजायचे, बाहेरचा व्यास मोजायचा, मॉड्यूल काढायचं, कटर आणायचा आणि संध्याकाळपर्यंत नवा गिअर. कंपनीने सुटे भाग देणं केव्हाच थांबवलं असलं तरी मशीन थांबत नाही. अशा मशिनवर आज पॅकिंग यंत्रांचे कॅम, साच्यांचे तुकडे, जुन्या पंपांच्या चाव्या, असली एक-दोन नगांची कामं होतात. व्हीएमसीवर प्रोग्राम लिहून होईपर्यंत इथे काम हातात असतं.

वर्षातून एकदा सगळं उघडून बघायचा दिवस आपल्याकडे ठरलेलाच आहे: खंडेनवमी. त्या दिवशी कटर चालत नाही, मशीन धुतलं-पुसलं जातं, झेंडूची माळ चढते. मी त्या दिवशी पूजेआधी डायल लावतो आणि मागच्या वर्षीच्या खडूच्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहितो. एक विनंती फक्त: हळद-कुंकू, अक्षता रंगवलेल्या कॉलमवर वाहाव्यात, स्लाइडवर नको. ओली हळद बिडावर रात्रभर राहिली की सकाळी डाग दिसतो.

स्क्रेपिंग आयटीआयच्या फिटर ट्रेडच्या अभ्यासक्रमात आजही आहे. पण ते हातात उतरायला वर्ग पुरत नाही. समोर झिजलेली खरी स्लाइड लागते आणि बाजूला पन्नास स्लाइडी केलेला माणूस लागतो. अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या शासकीय आयटीआयच्या आसपासच ही माणसं राहतात, सत्तरी-पंच्याहत्तरीची. संस्थांनी त्यांना मानाने बोलवावं, एक जुनं मशीन वर्कशॉपच्या मध्यावर उभं करावं आणि मुलांच्या एका तुकडीला ते पूर्ण स्क्रेप करू द्यावं. याला इमारत लागत नाही, मोठा निधी लागत नाही.

या फिटरांपैकी कुणी हे वाचत असतील तर त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ शेजारच्या एखाद्या पोराला द्यावी. आणि ज्यांच्या गाळ्यात किंवा घरात असं मशीन धूळ खात उभं आहे त्यांना एवढंच सांगायचं आहे: वजनकाट्यावाल्याला फोन करण्याआधी एका जुन्या फिटरला घरी बोलवा, डायल लावून तीन ठिकाणचे आकडे घ्या, आणि मग काय ते ठरवा.